बिळिचोडूच्या पुढचा रस्ता

कल्लेशप्पाने एकोणतीस वर्षं सरकारी बस चालवली, त्यातली बावीस एकाच रस्त्यावर, दावणगेरे ते जगळूर. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नातवंडं खेळवतात, नाहीतर कट्ट्यावर बसून राजकारण कुटतात. हा गडी कॉम्प्युटरवर बस चालवायला लागला. नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेल्या मुलाचा गेमिंगचा कॉम्प्युटर घरात धूळ खात पडला होता, त्याला स्टिअरिंगही होतं. पहिला आठवडा कल्लेशप्पाने परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यांवर बस हाकली आणि तो वैतागला. "एक कुत्रं आडवं येत नाही, एक म्हातारी हात दाखवत नाही. हा काय रस्ता झाला?" असं म्हणून तो स्वतःचा रस्ता बांधायला बसला.

खेळात तशी सोय असते. मुलाने फोनवरून शिकवलं, बाकीचं हट्टाने जमलं. वही घेऊन तो जुन्या बसमधून तिकीट काढून जायचा आणि झाडं, पूल, वळणं टिपून आणायचा. बायको गिरिजव्वा म्हणायची, "पगार घेऊन गाडी चालवली ते पुरलं नाही, आता फुकटात खडी फोडताय!" तीन वर्षांत रस्ता पुरा झाला.

तो दाखवायचा होता एकाच माणसाला. मौलासाब हा त्याचा बावीस वर्षांचा कंडक्टर. एक पुढे, एक मागे, मध्ये साठ माणसं, पण दोघांचं सूत असं जुळलेलं की शिट्टीच्या लांबीवरून कल्लेशप्पाला कळायचं, चढणारी बाई गरोदर आहे की हातात नुसती पिशवी आहे. आता मौलासाबची बायको गेली होती आणि तो बळ्ळारीला लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. विजयादशमीला येऊन सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. कल्लेशप्पाने ठरवलं होतं, त्या दिवशी त्याला एकदा शेवटपर्यंत फिरवून आणायचं.

आणि नेमकी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. आधीच ती इतकी मंद की खेळ उघडेस्तोवर गिरिजव्वाचं सारू उकळून व्हायचं. आता मध्येच टक-टक वाजायची आणि पडदा गोठायचा. दुकानवाली नागवेणी कान लावून म्हणाली, "मामा, ही शेवटच्या घटका मोजतेय. हिच्यात एकच खेप उरलीय. ही नवी वेगवान डिस्क, एसएसडी, घ्या, मी खेळ घालून तयार करून ठेवलीय. पण उद्या आयुधपूजा, माझी हत्यारं झोपणार. परवा संध्याकाळी या, मीच जुनीतलं सगळं हिच्यात उतरवून देते."

"परवा दुपारीच मौला येणार."

"मग त्याला तेरवा यायला सांगा."

"तेरवा सकाळीच त्याची गाडी. रेल्वे माझ्या सासऱ्याची नाही, बाई."

नवी डिस्क घेऊन घरी आल्यावर त्याला चैन पडेना. आयुधपूजेच्या सकाळी त्याने अंगणात कोहळा फोडला, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, पक्कड-पान्यांना गंध लावून ते पाटावर मांडले, चुरमुऱ्यांचा नैवेद्य दाखवला. मग कॉम्प्युटरकडे वळला. उकाड्यापायी त्याची एक बाजू कायम उघडीच असायची, समोर टेबलफॅन. पाना लागणार नव्हता, नुसत्या दोन वायरी जोडायच्या होत्या.

"आज चालू करायचा नसतो," गिरिजव्वाने बजावलं.

"डेपोत काय गाड्या उभ्या ठेवतात? पूजा करायची आणि पहिली फेरी सोडायची."

तेवढं एक त्याचं बरोबर होतं. पुढे मात्र त्याच्यातला ड्रायव्हर आडवा आला. गाडीला बॅटरीतून जिथे करंट मिळतो तिथे कुंकू लावल्याशिवाय त्याने जन्मात पहिली फेरी सोडली नव्हती. नव्या एसएसडीच्या सोनेरी दातांवर त्याने बोटभर ओलं हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि वायर खोचली.

उतरवणी सुरू झाली. पहिल्यांदा त्याने सगळंच घेतलं, रस्ता, फोटो, मुलाची जुनी गाणी. वीस टक्के, तीस टक्के. मग नवी डिस्क एकाएकी दिसेनाशी झाली. वायर हलवली की यायची, पुन्हा जायची. जुनी बिचारी तेवढा वेळ टक-टक करत फुकट झिजत होती.  सगळं बंद करून कल्लेशप्पाने नवी बाहेर काढली. दातांमध्ये लाल चिखल झाला होता.

गिरिजव्वाने कपाळावर हात मारला. "देवाला तरी श्वास घ्यायला जागा ठेवायची!"

तो तसाच नागवेणीच्या घरी गेला. तिने डिस्क उजेडात धरली आणि हसावं की रडावं तिला कळेना. "मामा, नवस केला होता का? जळली नाही हे नशीब."

"चूक झाली. साफ करून दे."

"सांगितलं ना, हत्यारं झोपलीत. दात घासायला पोरीचं खोडरबर घ्यावं, तर तेही दप्तरासकट पूजेत आहे."  मग तिने उठून कपाटातून औषधाचा डबा काढला. "जखमेवरचं स्पिरिट मात्र कुणी पूजेला मांडत नाही." कापसाने एकेक दात पुसून, पंख्याखाली वाळवून तिने डिस्क परत दिली. "आता हाव धरू नका. फक्त रस्त्याचं फोल्डर घ्या, बाकी खड्ड्यात जाऊ दे."

घरी येऊन त्याने तेवढंच घेतलं. दावणगेरे उतरलं. पुढचं गाव आणजी उतरलं. बिळिचोडूही उतरलं. मग जुन्या डिस्कने लागोपाठ टक-टक केलं आणि ती गप्प झाली. पुन्हा चालू केली, नाही. तासभर विश्रांती देऊन केली, तरी नाही. कल्लेशप्पा खुर्चीत बसून राहिला. रडू आलं त्याला, आणि ते त्याने लपवलंही नाही.

दुसऱ्या दुपारी मौलासाब आला. बन्नीची पानं दिली, गळाभेट झाली. कल्लेशप्पाने त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. खेळ चुटकीसरशी उघडला, एसएसडीने तेवढं उपकाराचं काम केलं. मौलासाब आधी नुसता बघत होता. मग गाडी सोडताना ओरडायचा तसं "रैट!" म्हणाला. आणजीच्या पुलावर त्याने भिंतीवर दोनदा थाप मारली. म्हातारे दोघे पोरांसारखे रंगले होते. बिळिचोडू मागे पडलं आणि रस्ता संपला. पुढे नुसता हिरवा सपाट पडदा.

कल्लेशप्पाने ब्रेक दाबला. "पुढचा होता रे. माझ्याच हातानं गेला. वहीही जुनी, पावसात भिजलेली, काही वाचता येत नाही."

मौलासाब पडद्याकडे झुकला. मग म्हणाला, "विहिरीपाशी गाडी थांबवायचास, ते तरी घातलं होतंस का?"

"कुठली विहीर? तिथे थांबा नाही."

"नाहीच. पण रोज थांबत होतास."

"तू होल्डान ओरडून थांबवायचास म्हणून."

"आणि बावीस वर्षांत विचारलं नाहीस, का?" मौलासाब हसला. "शरणम्मा टीचर. गुडघा दुखायचा तिचा, थांब्यापर्यंत चालवायचं नाही. तू रस्ता बघत होतास, कल्लेशा, माणसं माझ्याकडे होती. वहिनी, कोरी वही द्या हो. आज तर लिहायला मुहूर्तच आहे."

त्या दिवशी चार पानं भरली. सकाळी मौलासाब बळ्ळारीला गेला. पण संध्याकाळी पाचला फोन वाजला, "लिही, त्यापुढे निंबाचं झाड, खाली सायकलवाला." दुसऱ्या दिवशीही वाजला.

दिवाळी झाली, संक्रांत आली. नागवेणी तिळगूळ द्यायला आली तेव्हा पडद्यावर बस अजून विहिरीच्या थोडीच पुढे होती. "मामा, एवढा रस्ता तुम्ही महिन्यात बांधाल. हे काय गोगलगायीचं काम?"

कल्लेशप्पाने घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजत आले होते. उत्तर गिरिजव्वाने दिलं.

"दिवसाला एकच झाड लावतात ते. रस्ता संपला तर फोन कशाला येईल?"