चौथा खिळा

ती घटना आजही आठवते, आणि तिच्याही आधी तो खिळा आठवतो. वीतभर लांब, गंजलेला, डोक्याखाली काळा दोरा गुंडाळलेला. एका प्लास्टिकच्या पिशवीतून तो माझ्या टेबलावर आला, तेव्हा मुलुंडच्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक म्हणून माझं शेवटचं वर्ष चालू होतं.

तक्रारदार होता एक ठेकेदार. मुलुंडला डोंगराच्या बाजूला अजून काही जुने बैठे बंगले उरले आहेत. त्यांतल्या एका बंगल्यात तो जमिनीत नळ्या टाकून घर थंड करायची यंत्रणा बसवत होता. भू-औष्णिक हीट पंप असं तिचं नाव त्याने सांगितलं. अंगणात चार बोअर घेतलेले, प्रत्येक दोनशे फूट. प्रत्येकात नळी खाली जाऊन वर आलेली, आणि सगळ्या नळ्या एका चरातून घराकडे वळवलेल्या. चरात नळ्यांवर चार बोटं वाळू पसरून, नळ्यांत दाबाने पाणी भरून, रात्रभर दाब दाखवणारा काटा खाली येतो का ते बघायचं. आला नाही तरच माती लोटायची. सकाळी काटा शून्यावर आणि चरात चिखल. वाळू बाजूला केली, तर नळीतून हा खिळा आरपार.

मी मनात हिशेब केला. दोनशेचे चार, जाऊन-येऊन सोळाशे फूट नळी, आणि एका खिळ्याने सगळी निकामी.

ठेकेदाराचं म्हणणं, हा घातपात आहे, शेजाऱ्यावर गुन्हा दाखल करा, त्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही. शेजाऱ्याचं नाव हवेतलं नव्हतं. समोरच्या इमारतीच्या वॉचमनने आमच्या बीट हवालदाराला आपणहून सांगितलं होतं, की संध्याकाळी मजूर गेल्यावर शेजारचे म्हातारे हातोडी घेऊन बंगल्याच्या आवारात शिरले. शिवाय त्याच म्हाताऱ्यांचा एक जुना अर्ज आमच्याकडे होता. बंगल्याच्या एसीचं बाहेरचं यंत्र आमच्या स्वयंपाकघरात गरम हवा फेकतं, म्हणून. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. हेतू, साक्षीदार, हत्यार, सगळं हजर. इतकं सरळ प्रकरण आलं की मी नेहमी एकदा जागा बघून येतो.

बंगल्याची मालकीण अंधेरीच्या एका कंपनीत यंत्रांचं डिझाइन करणारी, चाळिशी उलटलेली बाई. बोलणं मोजकं. तिच्या नवऱ्याला मज्जासंस्थेचा आजार होता. अंगाला उष्णता लागली की त्याचे पाय उचलेनासे होतात. एसी एकाच खोलीत होता, म्हणून मार्च ते जून तो माणूस त्या खोलीबाहेर पडत नसे. ताट आत जाई. नव्या यंत्रणेने सगळं घर थंड राहणार होतं.

मी विचारलं, "मग आणखी दोन एसी का नाही लावलेत? स्वस्तात झालं असतं."

"लावले असते साहेब. पण त्यांची गरम हवा कुठे गेली असती? त्या काकांच्याच खिडकीत. त्यांनी अर्ज दिला त्या दिवशी मी दोन घरांमधल्या बोळात जाऊन हात धरून पाहिला. त्यांचं बरोबर होतं. फ्रिज आतली उष्णता मागे टाकतो ना, तशी आता घरातली उष्णता जमिनीत जाईल. खालचा दगड बारा महिने साधारण अठ्ठावीस अंशांवर असतो. तो ती घेतो, कोणाला त्रास नाही."

"हे त्यांना सांगितलंत?"

"बोलत नाहीत ना ते."

मी त्या बोळात गेलो. शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी आतून पत्रा मारून बंद केलेली होती.

गुन्हा दाखल केला असता तर चर पंचनाम्यात गेला असता, काम अडलं असतं. तोंडावर मार्च होता. बाई मला एवढंच म्हणाली, की तुम्हाला करायचं ते करा, पण चर आठवड्यात बुजला नाही तर हाही उन्हाळा ह्यांचा खोलीतच जाईल. मी ठेकेदाराचा तक्रार अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला आणि म्हाताऱ्यांना बोलावलं.

सत्तरी ओलांडलेले, मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीत ताठ बसले आणि गप्प राहिले. तुम्ही आवारात गेला होता का, गप्प. हातोडी कशाला, गप्प. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते, पाण्याच्या ग्लासाकडे जाते. हे गृहस्थ माझ्याकडे सरळ बघत होते. चहा मागवला, तो मात्र प्यायले. त्यांना घरी पाठवलं आणि खिळा पुन्हा हातात घेतला.

नळी फोडायला आलेला माणूस खिळ्याला दोरा कशाला बांधेल? आणि नळ्या वाळूखाली झाकलेल्या; नेमकी नळी त्याला सापडली कशी? माझं आजोळ सावंतवाडीकडचं. लहानपणी पाहिलेलं काहीतरी डोक्यात आलं आणि मी हवालदाराला घेऊन परत बंगल्यावर गेलो. चर अंगणाच्या एका कोपऱ्यातून जात होता. उरलेल्या तीन कोपऱ्यांत आम्ही उकरलं. तिन्ही ठिकाणी तसाच खिळा, तसाच काळा दोरा. तिथे ना नळी, ना बोअर. ते तीन तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांना परत बोलावलं. या वेळी प्रश्न विचारला नाही. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काका, तीन जागेवर आहेत. चौथा हा."

ते उठूनच उभे राहिले. "ह्यो काढलास कित्याक?"

मग सगळं आलं. त्या लोकांनी एवढी खोल जमीन उघडली आणि जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोणी विचारलं नाही. घरात आजारी माणूस. राखणदार रागावला तर राग कोणावर काढेल? बोलणं बंद असल्यामुळे सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच चार कोपऱ्यांना खिळे मारून, घरातल्यांना बाधा होऊ नये अशी जागा बांधली होती.

"मग काल गप्प का बसलात?"

"सांगितलां की गुण जाता." मग टेबलावरची पिशवी जवळ ओढून, "आता तो गेलोच म्हणा."

म्हणजे आपल्यावर गुन्हा लागला तरी चालेल, पण शेजारचा माणूस सुखरूप राहावा, असा हिशेब करून ते काल माझ्यासमोर बसले होते. नोकरीत मी गप्प बसणारे पुष्कळ पाहिले. दुसऱ्यासाठी असे बसलेले फार थोडे. खिळा कोणी मारला हे वॉचमनने अचूक सांगितलं होतं. का मारला हे विचारल्याशिवाय कायदाही पुढे जात नाही. नुकसानीचा हेतू नाही, तिथे गुन्हा नाही. अर्जावर तसा शेरा मारला आणि खिळा म्हाताऱ्यांच्या हातात परत दिला.

नळीचा तेवढा तुकडा कापून, दोन्ही टोकं तापवून नवा तुकडा सांधला आणि पुन्हा रात्रभर दाब ठेवला. सकाळी काटा जागच्या जागी होता. माती लोटण्याआधी बाईने म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, अजाणतेपणी जमीन उघडली, लेकरांना सांभाळून घे. गाऱ्हाण्याला हजर असलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं. बाई अडखळत म्हणाली. मराठी न कळणारा ठेकेदार सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

निवृत्तीनंतर, मेच्या भर दुपारी, मी त्या घरी गेलो. दार बाईच्या नवऱ्याने उघडलं. काठी होती, पण दारापर्यंत स्वतःच्या पायाने आला होता. आत जेवणाच्या टेबलावर पाच ताटं मांडलेली; त्यांतली दोन शेजारच्या काका-काकूंची. बोळातल्या खिडकीचा पत्रा काढलेला होता आणि त्या खिडकीतून बांगड्याच्या तिखल्याचा, मालवणी कालवणाचा, वास येत होता.

बाईने मला जमिनीखालच्या नळ्यांचा नकाशा दाखवला. पुढे कधी कोणी खणलं तर कळावं म्हणून असा नकाशा ठेवतात. चार बोअर, चर, सांधे, सगळी अंतरं फुटात लिहिलेली. कोपऱ्यात, नळीपासून दीड फुटावर, लाल शाईने एक फुली होती. तिच्याशेजारी बाईच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: 'चौथा खिळा. काकांच्या हातचा. काढू नये.'