ज्याची ओळ, त्यानं उभं राहायचं

डब्यावर लिहिलंय एक आणि आत आहे दुसरंच, हे ज्यांना मुळीच सहन होत नाही असे गृहस्थ अख्ख्या बिदर जिल्ह्यात एकच होते, आणि ते नेमके माझ्या मावशीचे दीर निघाले. सगळं हुमनाबाद त्यांना अण्णा म्हणायचं. मावशीकडे, चारचौघांच्या घरात असते तशी, 'साखर' लिहिलेल्या डब्यात तूरडाळ असायची. अण्णा चहाला आले की आधी फडताळ तपासत. एकदा दुपारभर बसून त्यांनी सगळ्या डब्यांना नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी मावशीनं डाळी पुन्हा इकडच्या तिकडे केल्या. "मला म्हाईत हाय की कशात काय हाय! चिठ्ठ्या कामून पायजेत?" ती म्हणाली. अण्णा आठ दिवस तिच्याकडं चहाला फिरकले नाहीत.

हे वेड त्यांना हायवेवरच्या लॉरी बुकिंगच्या कचेरीत लागलं असावं. कुठल्या गोदामात कसला माल, याच्या चिठ्ठ्या त्यांनी तिथं बारा वर्षं लिहिल्या. मग नव्वदच्या दशकात हैदराबादला जाऊन कॉम्प्युटर शिकून आले आणि एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी प्रोग्रॅम लिहायच्या सी भाषेचा क्लास काढला. कॉम्प्युटर एक, शिकणारे मला धरून बावीस, आणि वीज स्वतःच्या मर्जीची मालकीण. त्यामुळे प्रोग्रॅममधल्या चुका पकडणारा आमचा कंपायलर म्हणजे अण्णाच. आम्ही वहीत प्रोग्रॅम लिहायचा आणि अण्णांनी लाल पेन्सिल घेऊन तो पहिल्या ओळीपासून वाचायचा. समासात ते प्रोग्रॅममधलं प्रत्येक नाव आणि त्यापुढं पूर्णांक की अपूर्णांक हा त्याचा प्रकार लिहून घेत, आणि मग यंत्रासारखेच निर्विकार चेहऱ्यानं एकेक ओळ त्या यादीशी ताडून बघत.

पॉइंटर आला की मात्र हा निर्विकारपणा टिकत नसे. "पॉइंटर म्हंजे चिठ्ठी," ते सांगत. "तिच्यावर गोदामाचा पत्ता ऱ्हातोय, अन् आत कसला माल हाय त्ये बी ठरल्यालं ऱ्हातंय. तुझी चिठ्ठी पूर्णांकाची, अन् तू तिच्यावर अपूर्णांकाच्या गोदामाचा पत्ता लिवायलीस. कंपायलर काय गोदामाचं कुलूप काढून बघत न्हाई. बरोबरच्या चिन्हाच्या अल्याड कसल्या मालाची चिठ्ठी, पल्याड कसल्या मालाचा पत्ता, यवढंच लावून बघतोय. न्हाई जुळलं की बोंबलतोय."

खरा कंपायलर अशा वेळी नुसता इशारा देऊन पुढं जाई. अण्णा जात नसत. ज्याची ओळ, त्यानं उभं राहून आपली घोषणा, म्हणजे चिठ्ठी कसल्या मालाची हे जिथं जाहीर केलं होतं ती ओळ, मोठ्यानं वाचायची, असा त्यांचा नियम होता. "माझ्यावर ही पाळी कधी आली न्हाई," असंही वर ऐकवायचे. माझ्यावर पहिल्याच महिन्यात अकरा वेळा आली. बाकीचे हसायचे, मला हसणं परवडणारं नव्हतं. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात नोकरी लागली तर पुणं, नाही तर गावी, निर्ण्याला, परत येऊन लग्न. अण्णांना हे ठाऊक होतं, म्हणून माझ्या वहीवर त्यांची पेन्सिल जरा जास्तच चाले.

वर्ष संपायला तीन आठवडे उरले असताना पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलामागं तिघे बसले होते. त्यातल्या वयस्कर साहेबांनी स्वतः लिहिलेला एक कागद पुढं केला आणि कंपायलर कुठं तक्रार करेल ते विचारलं. मी समासात नावांची यादी केली आणि सातव्या ओळीवर थांबले. "सर, p ही पूर्णांकाची चिठ्ठी आहे आणि तिच्यावर पत्ता f या अपूर्णांकाचा. माल जुळत नाही."

"बरोबर. पुढं?"

"पुढं नाही जाता येणार," मी सवयीनं बोलून गेले. "ज्यांची ओळ आहे त्यांनी आधी उभं राहायचं असतं."

आता गेली नोकरी, बस निर्ण्याला, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात साहेब हसत हसत खुर्ची मागं सारून उठले आणि त्यांनी आपली घोषणा खणखणीत आवाजात वाचली. नोकरी मिळाली. फोनवर अण्णांनी पगार नाही विचारला की काम नाही. "त्यो साहेब खरंच उठला व्हय?" हे मात्र चार वेळा विचारलं.

पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले आणि वहीतला प्रोग्रॅम तपासून घ्यायला कुणी येईना. क्लास बंद झाला. परवा मी लॅपटॉप घेऊन अण्णांकडे गेले. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, नजरही मंद झालीय. तरी हट्टानं स्वतःच टाइप करत बसले. कंपायलर चालवला, तर बाराव्या ओळीवर इशारा आला. चिठ्ठी एका मालाची, पत्ता दुसऱ्याच मालाचा.

अण्णांनी पडद्याला नाक लावून ती ओळ वाचली. मग लहान मुलासारखे खुदकन हसले. "सापडलो की गं पोरी!" मी नको नको म्हणत असताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि हळूहळू, दोनदा थांबून, ते उभे राहिले. आपली घोषणा त्यांनी मोठ्यानं वाचली. त्यांना आवरायला मी उठले होते. त्यांचं वाचून होईपर्यंत मीही बसू शकले नाही.