उघडायला बारा मिनिटं

मोखाड्याच्या स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. त्यात मी आणि माझे पार्टनर हरीभाऊ. आमच्या कॉम्प्युटरवर फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर डबल क्लिक केल्यावर उघडायला बारा मिनिटं घ्यायचं. तेवढा वेळ गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसणार, आणि बसलेलं माणूस बोलणारच. मग किस्से साठायला कितीसा वेळ लागतो!

* * *

हरीभाऊंचा उपाय सोपा होता. सकाळी आल्याआल्या सॉफ्टवेअर उघडायचं आणि दिवसभर बंदच करायचं नाही. पण आमच्याकडची लाइट! ती गेली की पुन्हा पहिल्यापासून. फोटोसाठी आलेले एक काका तेवढ्या वेळात आठवड्याचा बाजार करून, सुकट घेऊन परत आले आणि शांतपणे विचारते झाले, "कॉम्प्युटर अजून झोपलाच हाय का?"

* * *

शेवटी जव्हारहून नितीनला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला पहिल्यांदा सापडले अक्षरांचे फाँट. लग्नपत्रिकांसाठी हरीभाऊंनी दिसेल त्याच्या पेनड्राइव्हमधून ते गोळा केले होते. वापरात दोनच, पण उघडताना सॉफ्टवेअर सगळेच वाचायचं. बाकीचे काढताना हरीभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले.

मग निघाला प्रिंटर. तो बिघडला म्हणून आम्ही कधीच काढून टाकला होता, पण सॉफ्टवेअर उघडताना रोज त्याला शोधत बसायचं. नितीन हसला. हरीभाऊ म्हणाले, "माणूस गेलं तरी चार दिवस आपण हाक मारतोच की."

* * *

आमचं निम्मं काम गेलेल्या माणसांचंच. लग्नाच्या ग्रुप फोटोतून एक चेहरा कापायचा, मागे निळा रंग भरायचा, फ्रेम करून द्यायची. साखरशेतचे एक गृहस्थ बायकोचा असाच फोटो घेऊन आले होते. सॉफ्टवेअर उघडेपर्यंत ते तिच्याबद्दलच बोलत राहिले. नाचणीची भाकरी ती किती पातळ थापायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

फोटोत तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. हरीभाऊ तो पुसायला लागले.

"राहू द्या," ते गृहस्थ म्हणाले. "तो माझा हाय."

तो हात आम्ही ठेवला.

* * *

फाँट गेले, प्रिंटर गेला, तरी सहा मिनिटं लागतच होती. नितीन म्हणाला, डिस्क गच्च भरलीय, सॉफ्टवेअरला हलायला जागा नाही, जुने पासपोर्ट फोटो उडवा. हरीभाऊंनी साफ नकार दिला. म्हणाले, "मोबाईल फुटतो, विकला जातो. कितीतरी घरांत माणसाचा एवढाच फोटो असतो, आणि तो आपल्याकडे असतो."

मला ते पटलं होतं. पण रोज रोज गिऱ्हाइकांना बसवून ठेवायचा मला कंटाळा आला होता. एका दुपारी हरीभाऊ जेवायला गेले, तेव्हा मी पासपोर्ट फोटोंचा तो सगळा फोल्डर उडवला. रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. सॉफ्टवेअर वीस सेकंदांत उघडलं! हे नितीनचंच काम समजून हरीभाऊंनी त्याचं कौतुक केलं आणि मी ते खोडलं नाही.

* * *

त्यानंतर चार महिन्यांनी एका पाड्यावरची बाई आली. तीन वर्षांपूर्वी आश्रमशाळेच्या फॉर्मसाठी तिने मुलाचे फोटो आमच्याकडे काढले होते. सगळे फॉर्मलाच लागले, घरात एकही उरला नाही. मुलगा या पावसाळ्यात तापाने गेला. त्याचा मोठा फोटो करून हवा होता.

हरीभाऊंनी मला खूण केली. मी डबल क्लिक केलं. सॉफ्टवेअर लगेच उघडलं आणि मी त्या रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिलो. हरीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

बाईने पिशवी खाली ठेवली आणि ती बाकावर नीट टेकून बसली.

"घाई नाय," ती म्हणाली. "याला उघडायला वेळ लागतो, माहीत हाय मला. मी बसते."