चार्ज यादीत नसलेला पासवर्ड

आमच्या शिक्षणसंस्थेत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, पाय मोडलेली खुर्चीसुद्धा यादीत लिहून सही घेतात. संगणकाचा पासवर्ड मात्र तोंडी सांगून मोकळे होतात. संस्थेच्या सगळ्या शाळांचे संगणक मी सांभाळतो. ही रीत वर्षानुवर्षं पाहिली आणि कधी हरकत घेतली नाही.

धामणगाव बढ्याच्या शाळेतल्या लिपिक बाई बदलून मलकापूरच्या मुख्य कार्यालयात आल्या. मी त्यांना नवा आयडी दिला. जुना त्याच दिवशी बंद करायचा, हा मुख्य कार्यालयाचा नियम मीच केलेला. पण धामणगावहून फोन आला, "सर, बंद नका करू, आमचं सारं काम त्याच्यावरच चालून राह्यलं." मी म्हटलं, बरं. मलकापुरात एक नियम, धामणगावात दुसरा!

चार महिन्यांनी कोणीतरी धामणगावच्या संगणकावर त्या आयडीवरून दहावीच्या काही मुलांची हजेरी वाढवली. चौकशीत नाव निघालं बाईंचं. हजेरी वाढवली त्या दिवशी बाई दिवसभर मलकापुरात माझ्या समोरच्या टेबलावर होत्या. तरी संस्थेचे सचिव म्हणाले, "कॉम्प्युटर काय खोटं बोलते का?" मी तिथेच बसलो होतो. खरं सांगायचं सोडून मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

बाईंना शिक्षा म्हणून पिंपळगाव राजा गावच्या शाळेत पाठवलं. मोडक्या खुर्चीसाठी सही मागणारी ही संस्था! एका बाईचं नाव चार महिने कोण वापरतंय, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. आणि ज्याला माहीत होतं, तो मी गप्प.

आठ दिवसांनी मी माझी चूक लिहून सचिवांना दिली. त्यांनी कागद खणात टाकला. "झालं ते झालं. आता काऊन उकरता?"

त्या कागदाची प्रत घेऊन मी पिंपळगावला गेलो. बाईंनी ती उभ्यानेच वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

"सर, माहा धामणगावचा आयडी बंद केला का?"

चौकशी झाली, अहवाल झाला, बदली झाली. आयडी चालूच होता. मलाही सुचलं नव्हतं.

"मंग करा ना. इथंच, माह्यासमोर."

त्यांच्याच टेबलावर बसून मी तो बंद केला. दहा मिनिटांत धामणगावहून फोन. "सर, बाईच्या आयडीनं लॉगिन होऊन नाही राह्यलं."

मी फोन स्पीकरवर टाकला, समोरचा कोरा कागद ओढला आणि विचारलं, "कोण बोलतंय? पूर्ण नाव सांगा."