सुदर्शन सरांचा जालीम इलाज

गारखेड्यातल्या सुदर्शन सरांना सगळे सर म्हणतात म्हणून ते शाळेत शिकवत असतील असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. ते एका दहा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. वय त्रेचाळीस, बाकीचे सगळे पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणून ते सर. आणि दुसरं कारण म्हणजे, ऑफिसात कुणाचं काही अडलं की तो लॅपटॉप सरांच्या टेबलावर जातो. सर चष्मा कपाळावर चढवतात, पडद्याकडे एकदा बघतात, "च्च" करतात.

हे वैद्यकीचं अंग त्यांच्या घराण्यातच आहे म्हणा. करमाडच्या पुढं एका वाडीत त्यांचे वडील, आप्पा, मेंढरांच्या औषधपाण्यासाठी नावाजलेले. मेंढरू लंगडलं, डाग द्या. चरत नाही, डाग द्या. नुसतं उदास उभं राहिलं तरी आप्पा विळा तापवायला घ्यायचे. "निम्मी मेंढरं तर इळा बगूनच बरी व्हायची," असं पुतळाबाई, म्हणजे सरांच्या आई, आजही पदर तोंडाला लावून सांगतात.

सरांनी विळा सोडला, पण एकाच औषधावरचा भरवसा काही सोडला नाही.

आता त्यांच्या ऑफिसातला आजार कसला, ते सांगायला हवं. दहा जण मिळून एकच प्रोग्राम लिहितात. शहरात कोणत्या कॉलनीला नळाचं पाणी कधी येणार, हे लोकांच्या मोबाइलवर कळवणारा. दहा हात एका ताटात म्हटल्यावर कुणी, कधी, काय बदललं याची नोंद लागतेच. ती ठेवणाऱ्या व्यवस्थेचं नाव गिट. रोजचं काम आपल्या लॅपटॉपवर नोंदवायचं, त्याला म्हणतात कमिट. मग ते सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर पाठवायचं, त्याला म्हणतात पुश. आणि दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी लिहून ठेवली, तर गिट अडून बसतं. म्हणतं, कुणाची ओळ ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा, मग पुढं जाऊ.

असं अडल्यावर काय झालंय आणि काय करायचं, हे गिट पडद्यावर चार ओळींत स्वतःच सांगतं. पण सर ते वाचत नाहीत. दुखण्यानंच आपली कहाणी सांगायची म्हटलं तर वैद्याला काय किंमत राहिली?

त्यांचा इलाज एकच. "फोल्डर उडव. सर्व्हरवरून नवीन घे." आणि उडवायचं म्हणजे कायमचं, कचरापेटीतसुद्धा ठेवायचं नाही. "आजार घरात ठिवतो का कुणी?" सर विचारायचे आणि स्वतःच हसायचे. नवीन फोल्डर यायचं, स्वच्छ, न्हाऊन निघाल्यासारखं. सर चष्मा नाकावर आणायचे. "जा, आता ऐश कर."

अशा या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी छावणी भागात राहणारी श्रेया आली. कामावर कच्ची, म्हणजे सहा महिने बघू आणि मग कायम करू, अशा बोलीवर. पाणी यायच्या आधी लोकांना मेसेज जायचा भाग तिच्याकडे दिला होता. तीन आठवडे मान मोडून तिनं तो लिहिला. सोमवारी कंपनीच्या साहेबांना तो चालवून दाखवायचा. चालला तर कायमचं पत्र, नाही चालला तर सहा महिन्यांचे आभार.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. बाराच्या सुमारास श्रेयाचं काम अडलं. तिची एक ओळ आणि बुद्धभूषणची एक ओळ एकमेकींच्या झिंज्या धरून बसल्या आणि फाइलीत त्या जागी गिटचे उलटेसुलटे बाण उमटले. बुद्धभूषण शेजारच्या टेबलावर बसतो, ऑफिसातला जुना गडी. दोघांची डोकी पाच मिनिटं एकत्र आली, काहीतरी खुडबुड झाली, आणि मग श्रेयानं लॅपटॉप सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सर, जरा बघता का? मला आज लवकर निघायचंय. आईला दवाखान्यात न्यायचंय."

"च्च," सर म्हणाले. "तू जा निवांत. सोमवारी सकाळी टकाटक मिळंल."

श्रेया जिना उतरली आणि सरांनी फोल्डर उडवलं. नवीन आणलं. कौतुकानं प्रोग्राम चालवून बघितला, आणि कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर घसरला. मेसेजचा भागच नव्हता. बटणसुद्धा नव्हतं.

सरांनी सर्व्हरवरची नोंद उघडली. श्रेयाच्या नावाची शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची. पोरगी रोज कमिट करत होती आणि पुश एकदाही केलं नव्हतं, असं सरांनी ताडलं. नवी माणसं करतात ही चूक. लिहून झालं म्हणजे पोचलं असं त्यांना वाटतं. म्हणजे तीन आठवड्यांचं काम त्या एकाच लॅपटॉपवर, त्या एकाच फोल्डरात होतं. आणि ते फोल्डर सरांनी स्वतःच्या बोटानं, कचरापेटीतही न ठेवता, उडवलं होतं.

पुसलेल्या फायली परत आणणारं एक सॉफ्टवेअर सरांनी चालवून पाहिलं. दोन तास घरघर करून त्यानं श्रेयाच्या मावसबहिणीच्या हळदीचे फोटो तेवढे वर आणले. बाकी शून्य.

संध्याकाळी घरी सर ताटावर बसले आणि भाकरीशी खेळत राहिले. अमृतावहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दोनदा वाढायला विचारलं, तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवले.

"काय झालंय? कुणाचं काय उडवलं?"

सर दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? मागं माझा मोबाइल नीट करतो म्हणाले, तवाबी असंच तोंड झालं व्हतं तुमचं. माहेरचे समदे नंबर गेले व्हते."

सरांनी सगळं सांगितलं. वहिनींनी भाकरीची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "सोमवारपोतर लपवून ठिवणार का?"

"मी विचार करत होतो, रविवारी बसून मीच लिहून काढावं. तिला कळायचंबी नाय."

"तीन हप्त्यांचं काम एका दिवसात?"

"जमंल की."

"आप्पांचेच लेक तुम्ही," वहिनी ताट उचलत म्हणाल्या. "सकाळी आंघोळ करा अन् तिच्या घरी जा. सवाल तिच्या नोकरीचा हाय, तुमच्या इज्जतीचा न्हाई."

हे शेवटचं वाक्य सरांना रात्रभर टोचलं, असं त्यांनीच नंतर कबूल केलं.

रविवारी साडेनवाला सर लॅपटॉप काखेत मारून छावणीत हजर. श्रेयाची आई मुक्ताबाई दारातच पिंप घासत होत्या. पोरीच्या ऑफिसातलं मोठं माणूस घरी आलं म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. खुर्ची पुसली, पंखा लावला, चहा टाकला. सर त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसले, उठायला सोपं जावं म्हणून.

"श्रेया," ते म्हणाले, "तुझं काम गेलं. मी उडवलं. तू पुश केलं नव्हतंस, पण मी विचारायला पायजे होतं. विचारलं नाही. साहेबांना मी सांगतो, आठ दिवसांची मुदत मागून घेतो. नाही म्हणाले तर चूक माझ्या नावावर लावा म्हणतो."

श्रेया त्यांच्याकडे बघत राहिली. आधी गंभीरपणे. मग तिचे ओठ एका बाजूला ओढले गेले. मग तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"रडू नको गं," सर घाईनं म्हणाले.

"रडत नाहीये सर." तिला हसू आवरेना. "काम गेलेलं नाही. सर्व्हरवर आहे."

"मी बघितलं ना! तिथं काही नाही!"

"तुम्ही मुख्य फांदी बघितली. बाकीच्या फांद्यांची यादी उघडा ना."

गिटमध्ये मुख्य कामाच्या बाजूला प्रत्येकाला आपली वेगळी फांदी काढता येते. सर त्या यादीला पोरांचा पसारा म्हणायचे आणि उघडायचे नाहीत. आज उघडली. पहिलंच नाव होतं, 'सरांच्या-आधी-श्रेया'. शनिवार, बारा वाजून सात मिनिटं.

त्याच्या खाली, 'सरांच्या-आधी-बुद्धभूषण'. त्याच्या खाली, 'सरांच्या-आधी-बुद्धभूषण-दोन'. मग 'सरांच्या-आधी-विशाखा'. सर खाली सरकवत गेले. एकूण अकरा. सगळ्यांत जुनी तीन वर्षांपूर्वीची.

"हे काय आहे?" सरांचा आवाज खोल गेला.

श्रेया चुळबुळली. "ऑफिसात आल्यावर पहिल्याच दिवशी बुद्धभूषणदादानं शिकवलं. म्हणाला, सरांकडे लॅपटॉप न्यायच्या आधी सगळं काम इथं ठेवायचं. मग खुशाल न्यायचं."

"मग नेता कशाला?"

"तुम्हाला बरं वाटतं ना सर. नाही नेलं तर तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बोलत नाही कुणाशी."

मुक्ताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सर भिंतीकडे बघत होते. "सायब, साखर कमी पडली का?" त्यांनी काळजीनं विचारलं. सरांनी अजून घोट घेतलाच नव्हता.

पण काम परत मिळालं म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही. फांदीतलं काम मुख्य कामात आणताना गिट पुन्हा त्याच जागी अडलं. सरांचा हात सवयीनं फोल्डरकडे गेला. श्रेयानं लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला.

"सर, वर काय लिहिलंय ते आधी वाचू या का?"

आणि मग सुदर्शन सरांनी, नोकरीच्या अठराव्या वर्षी, गिटचं म्हणणं मोठ्यानं वाचलं. एक एक शब्द, पोथी वाचल्यासारखं. भांडण एका फाइलीत होतं. त्या फाइलीत एका ओळीवर होतं. बुद्धभूषणनं लिहिलं होतं, मेसेज पाणी यायच्या एक तास आधी जाईल. श्रेयानं लिहिलं होतं, दोन तास आधी.

"एवढंच?" सर म्हणाले.

"एवढंच."

"मग कुणाचं ठेवायचं?"

"एका तासात काय व्हतंय?" मुक्ताबाई मध्येच बोलल्या. त्या केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे. "शिळं पाणी झाडाला घालायचं, पिंप घासायचं, हंडे घासायचे, कामावर असंल ती बाई घरला यायची. त्या पोराला इचारा, त्याच्या घरी पाणी कोण भरतं?"

श्रेयानं स्पीकरवर फोन लावला. बुद्धभूषण अंथरुणातच होता. प्रश्न ऐकून त्यानं "थांब" म्हणून आईला हाक मारली. पलीकडून जे ऐकू आलं त्यात 'दोन तास' एवढं स्पष्ट होतं, बाकीचं बुद्धभूषणला उद्देशून होतं.

"दोन ठेव," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "काय गं, सरांनी उडवलं का?"

"मी इथंच आहे रे," सर म्हणाले. फोन कट झाला.

श्रेयानं बाण काढले, एक ओळ ठेवली, कमिट केलं. आणि या वेळी सरांनी विचारलं, "पुश?" तिनं पुश केलं. मुख्य फांदीवर काम दिसलं तेव्हा कुठं सरांनी गार झालेला चहा उचलला.

सोमवारी साहेबांसमोर प्रोग्राम चालला. साहेबांच्या मोबाइलवर मेसेज टुणकन वाजला. त्यांनी दोनदा पुन्हा वाजवून घेतला, लहान मुलासारखा. "छान," ते म्हणाले. "शेवटपर्यंत काही अडचण?"

"नाही साहेब," श्रेया म्हणाली. "सर होते ना."

बुद्धभूषणला ठसका लागला. विशाखा टेबलाखाली पेन शोधायला वाकली. श्रेयानं सरांना निसटायला वाट काढून दिली होती, आणि सर त्या वाटेनं मुकाट जाऊ शकत होते. पण ते उभे राहिले.

"साहेब, अडचण मीच होतो. हिचं सगळं काम मी शनिवारी उडवलं होतं. हिनं आधीच जपून ठेवलं म्हणून वाचलं. पत्र देताना हे लक्षात घ्या."

साहेबांनी एकदा सरांकडे, एकदा श्रेयाकडे बघितलं.

"म्हणजे पोरगी तुमच्यापासूनसुद्धा काम वाचवू शकते," ते म्हणाले, "मग तिला कायम करायलाच पाहिजे."

हसण्याचा जो स्फोट झाला त्यात सर सगळ्यांत शेवटी सामील झाले, पण झाले. साहेबांनी पत्रावर सही केली. श्रेयानं ते वाचलं, दोनदा घडी घातली, आणि आईला फोन लावायला जिन्यात पळाली.