घाईची फिल्म

"श्वास सोडा, आणि तिथेच राहा. एक सावकाश… दोन सावकाश…" असं म्हणत आमचे साहेब शटर उघडं ठेवायचे, आणि लखनौला मानक नगरच्या आमच्या कॉलनीतली तमाम मराठी माणसं शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी गप्प व्हायची. शटर मिटलं की ते कॅमेऱ्यामागून मान वर काढत आणि कुणा एकाकडे बोट दाखवत. "तुम्ही हललात." त्या बिचाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नसे. फिल्म धुतल्यावर तो हललेलाच निघे.

असा एखादा गृहस्थ तुमच्याही शेजारी राहून गेला असेल. फोटो काढून घेणं ही मौजेची गोष्ट, पण त्यांच्यापुढे उभं राहणं म्हणजे परीक्षाच वाटायची. माझ्या मुंजीत गुरुजींनी जेवढं छळलं नसेल तेवढं त्यांनी माझ्या बायकोला आणि मला लग्नानंतरच्या पहिल्या फोटोसाठी छळलं. फोटो मात्र असा आला की माझ्या शर्टाची वीण मोजून घ्यावी.

रेल्वेच्या संशोधन संस्थेत, धातूंच्या प्रयोगशाळेत, ते माझे साहेब होते. ठिकठिकाणचे तुटलेले रूळ आमच्याकडे येत. रूळ का तुटला आणि चीर त्यात कधीपासून होती, हे फोटोंसकट वर कळवणं त्यांचं काम, आणि त्यावरून गाड्या थांबवल्या जात. तुटलेल्या भागाचे फोटो ते दुसऱ्या कुणाला काढू देत नसत. फिल्म त्यांना संथच लागे, पंचवीस वेगाची, आणि ती दिल्लीहून मागवावी लागे. संथ फिल्मचे दाणे बारीक असतात, त्यामुळे फोटो कितीही मोठा केला तरी केसाएवढी चीर लपत नाही. तिला उजेड मात्र भरपूर लागतो, आणि तो नसेल तर वेळ द्यावा लागतो. रुळाला काही घाई नसते, तो टेबलावर पडून राहतो. माणसांचं तसं नाही, पण हे त्यांना कधी पटलं नाही.

चारशेच्या वेगवान फिल्मला ते "घाईची फिल्म" म्हणत. ती अंधारात, पळत्या माणसाचा, कशाचाही फोटो घेते, याचाच त्यांना राग. "तिला सगळं चालतं," ते म्हणायचे, "ज्याला सगळं चालतं त्याची साक्ष मी काढत नाही." पुढे कॉलनीत रंगीत फोटो आले, फ्लॅश आले. ते आपले काळ्या-पांढऱ्यावर आणि पंचवीसवर ठाम राहिले.

लखनौच्या उन्हाळ्यात फिल्म खराब होऊ नये म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवावी लागे. लोणच्याच्या बरणीशेजारी फिल्मच्या डब्या रचलेल्या असत. "माझ्या दुधाला जागा नाही, यांच्या सवतींना आहे," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मी वरच्या मजल्यावर राहणारा, त्यामुळे त्या घरचा चहा मी माझ्या घरच्यापेक्षा जास्त प्यालो असेन. काकूंचं बोलणं भरभर, चालणं भरभर. भाजीवाल्या भैयाशी लखनवी अदबीने भांडणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

दर गणपतीत आमच्या मंडळाचा एकत्र फोटो ते काढत. हॉलमध्ये ट्यूबलाइटचा उजेड, फ्लॅशला मनाई, त्यामुळे शटर बराच वेळ उघडं. काकू पुढच्या रांगेत खुर्चीवर, हात मांडीवर. एका वर्षी सगळे स्पष्ट आले आणि काकूंचा उजवा हात तेवढा जरासा पुसट आला. पुढच्या वर्षीही तसंच. साहेब फोटो वाटताना मोठ्याने म्हणाले, "सगळी कॉलनी उभी राहिली, आणि घरचंच माणूस हललं." आम्ही हसलो. काकूही हसल्या. म्हणाल्या, "नाही हो हलले मी." तिसऱ्या वर्षी ते जरा चिडलेच. त्या खेपेला काकूंनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. मला वाटलं, नवऱ्याच्या धाकाने.

मग काकूंच्या हातून कप सुटायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि विचारलं, कधीपासून? काकू म्हणाल्या, झाले असतील पाच-सहा महिने.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला खाली बोलावलं. खिडकीच्या काचेवर गणपतीच्या निगेटिव्ह चिकटवल्या होत्या. रूळ बघायचं भिंग माझ्या हातात देऊन त्यांनी एकेक दाखवली. पहिल्या वर्षी नुसता अंगठा पुसट होता, मग बोटं, मग दाबून धरूनही मनगटापर्यंत. ते म्हणाले, "फिल्म सांगत होती. आणि मी दम कुणाला देत होतो, तर हिला."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, मलाच कळलं नव्हतं. चहा घ्या आता." आवाजात राग नव्हता. साहेबांना ते जास्त लागलं असावं.

त्यांची मुलगी एकुलती एक. लखनौत वाढलेली, लग्न होऊन नागपूरला गेलेली. तिला तेव्हा दिवस राहिले होते. आधीचं एक गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. काकूंनी हट्टच धरला की बाळंतपण होईपर्यंत तिला कळता कामा नये. कळलं तर ती उठून गाडीत बसेल, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण काकूंचं अक्षर बारीक आणि वाकडं होत गेलं, आणि त्यांनी पत्र लिहिणंच बंद केलं. मुलीला शंका आली. ट्रंककॉलवर तिने वडिलांना सांगितलं की मला आईचा फोटो पाठवा, आत्ताचा, मांडी घालून बसलेली, पूर्ण.

ती त्यांचीच मुलगी. फोटोत काय बघायचं हे तिला माहीत होतं.

साहेब आणि मी हजरतगंजच्या बाजारात गेलो. नेहमीच्या दुकानदाराकडे त्यांनी चारशेची फिल्म मागितली. दुकानदाराला वाटलं साहेब थट्टा करतायत. "साहब, यह तो शादी-ब्याह वाले ले जाते हैं। आप?" ते म्हणाले, "इस बार जल्दी है।"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात काकू मोतिया रंगाची साडी नेसून बसल्या. हात मांडीवर, उघडे. श्वास सोडा नाही, सावकाश नाही, काही नाही. खट् आवाज झाला आणि संपलं. फोटोत काकूंचे दोन्ही हात शांत होते. बांगड्या मोजता येत होत्या. "दाणे पडलेत," ते फोटो दूर धरून म्हणाले. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. "बघा," म्हणाल्या, "मी नाही हलले." मला तिथे बसवेना. मी काहीतरी कारण काढून वर गेलो.

फोटो नागपूरला गेला आणि मुलगी निर्धास्त झाली. बाळंतपण सुखरूप झालं, नात झाली. आता सांगू या, असं ते म्हणाले. काकू म्हणाल्या, ओली बाळंतीण आहे, थंडी सरू दे, ती येणारच आहे होळीला. लखनौची थंडी कशी असते ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. धुक्यात समोरचं क्वार्टर दिसेना, आठवडाभर ऊन नाही. काकूंना गिळायला त्रास होऊ लागला होता. छातीत कफ झाला, आणि तो मग हटला नाही. मुलगी तान्ह्या पोरीला घेऊन धुक्यात अडकलेल्या गाडीने पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो.

दहाव्यानंतर एका दुपारी मी खाली गेलो. बाळ निजलं होतं. मुलीच्या हातात तो फोटो होता. तिला आजार किती दिवसांचा हे कुणा शेजारणीने सांगितलं होतं. मी दारातूनच परत फिरणार होतो, पण साहेबांनी खुणेने मला बसायला सांगितलं. एकट्याने ऐकायचं बळ नसावं.

मुलगी लहानपणापासून मराठीला हिंदीत उत्तर देणारी. तशीच बोलली, आवाज न चढवता. "बाबा, इसमें तो आई के हाथ बिल्कुल ठीक हैं।"

"हो."

"टूटी पटरी का ऐसा फोटो आप ऊपर भेजते?"

आई नको म्हणाली होती, तुझ्यासाठीच केलं, डॉक्टरांनी तुला झोपून राहायला सांगितलं होतं, यातलं काहीही साहेबांना म्हणता आलं असतं, आणि सगळं खरं होतं. मला वाटलं निदान मी तरी बोलावं. पण साहेबांसमोर माझी जीभ कधीच उचलली नाही.

"नसता पाठवला," ते म्हणाले. "गाडी थांबवली असती."

मुलीने मान हलवली. फोटो पिशवीत ठेवला आणि बाळ जागं झालं म्हणून आत गेली.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा हातात घेतलेला मी पाहिला नाही. मंडळाच्या फोटोला आलमबागेतला स्टुडिओवाला येऊ लागला आणि आम्ही फ्लॅशमध्ये दचकायला शिकलो. निवृत्त झाल्यावर ते नागपूरला मुलीकडे गेले. ती स्वतः येऊन घेऊन गेली. मनात काय होतं कुणास ठाऊक, पण वडिलांना तिने अंतर दिलं नाही.

पुढे ते गेल्याचं कळलं आणि मी नागपूरला भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर काकू होत्या. तोच फोटो, मोठा करून, चंदनाचा हार घातलेला. एवढा मोठा केल्यावर दाणे फार दिसत होते, गालावर, कपाळावर, मांडीवरच्या त्या शांत हातांवर. मी बघतोय हे बघून मुलगी म्हणाली, आईचा एकटीचा, स्पष्ट असा हा एकच आहे माझ्याकडे, दुसरा कुठला लावणार? मी म्हटलं, बरोबर आहे.

जरा वेळाने मी विचारलं, साहेब कुठे बसायचे? तिने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे खिडकीपाशी एक खुर्ची होती, उजेड कमीच होता.

"इस कमरे में बाबा कभी नहीं बैठे," भिंतीवरच्या फोटोकडे बघत ती म्हणाली.