दोरी नसलेल्या बसमधली घंटी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. बावीस वर्षं बस चालवतोय. माझा विश्वास ब्रेकवर आणि घड्याळावर... बस्स.

बीडला रेल्वे आली आणि वडवणीहून थेट नव्या स्टेशनपर्यंत आमची इलेक्ट्रिक बस सुरू झाली. गुळगुळीत रस्ता, स्टेशनबाहेर नवी दुकानं, लॉज, हॉटेलं. ओसाड माळ होता तिथे आता गाडी लावायला जागा मिळत नाही. बस वेगात जावी म्हणून थांबे कमी करायचे ठरले, तेव्हा साहेबांनी मला विचारलं. मी छातीठोकपणे म्हणालो, "बाभूळफाटा काढा. तिथं कुणी चढत न्हाई."

तिथला थांबा बंद झाला. हा फाटा म्हणजे दगडूनानांचा हट्ट. नाना माझे जुने कंडक्टर, आता हयात नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ते तिथे दोरी ओढून एक टण द्यायचे, म्हणजे थांब. मनात दहा मोजायचे आणि मग दोन टण, म्हणजे चल. मी जाम चिडायचो.

"नाना, कावून थांबवता? टाईम जातो ना!"

"वस्ती आत हाय बे. येत असल कुनीतरी पळत."

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार, लख्ख ऊन. फाटा जवळ आला आणि मागून टण... एकच. ड्रायव्हर घंटीवर विचार करत नाही, पाय आपोआप ब्रेकवर जातो. थांबलो. आरशात पाहिलं तर कंडक्टर सत्तार माझ्याकडेच बघत होता.

"म्या न्हाई दिली," तो म्हणाला. "अन् देऊ कशानं? या गाडीत दोरी कुठंय?"

खरंच! नव्या बसला दोरी नाही, घंटी नाही. बटण दाबलं की नुसतं पीं वाजतं. पण ती टण त्यानेही ऐकली होती.

तेवढ्यात तुरीच्या शेतातून एक पोरगी पिशवी सावरत धावत आली. नगरला त्याच दिवशी तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी होती. ही बस चुकली की रेल्वे चुकली, आणि वर्षही.

"हितला थांबा बंद झालाय, म्हाईत न्हाई का?" सत्तारने विचारलं.

"म्हाईत हाय मामा. पन आई-बाप ऊसतोडीला गेलेत, वडवणीला सोडायला कुनी न्हाई. म्हनलं हात करून बघावं."

खरं सांगतो, तिने हात केला असता तरी मी थांबलो नसतो. माझी मलाच लाज वाटली.

ती बसली. दार लागलं. मी सत्तारच्या इशाऱ्याची वाट बघत होतो, पण तो जागचा हलला नाही... आणि मग मागून, सावकाश, टण टण.

"निघा आता," सत्तार हळूच म्हणाला.

तिला रेल्वे मिळाली. डेपोत मेकॅनिकला घेऊन मी बसचा पत्रान् पत्रा ठोकून पाहिला. तसा आवाज कुठूनच निघाला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटून थांबा परत सुरू करून घेतला. त्यांनी कारण विचारलं. "चूक माझी होती," एवढंच म्हणालो.

घंटी पुन्हा वाजलेली नाही. त्या दिवशी ती कशी वाजली, हे मला आजही सांगता येत नाही. फाट्यावर बहुतेक दिवस कुणीच नसतं. तरी मी थांबतो, आणि दहा मोजल्याशिवाय निघत नाही.